भरती-ओहोटीची गणिते आणि सरल हरात्मक गती: गृहीतक कुठपर्यंत चालते?

विचारलेला प्रश्न असा आहे. एका खाडीच्या तोंडाशी वाळू साचून बोटींची वाट उथळ झाली आहे. सकाळी ६.१० वाजता पूर्ण ओहोटी असते तेव्हा तिथे १.६ मीटर पाणी असते, आणि दुपारी १२.२५ वाजता पूर्ण भरतीला ५.२ मीटर. एका बोटीला आत यायला किमान ४.३ मीटर पाणी लागते. पातळी सरल हरात्मक गतीने, म्हणजे वर्तुळावर एकसमान फिरणाऱ्या बिंदूच्या सावलीसारखी, वरखाली होते असे मानल्यास बोट लवकरात लवकर केव्हा आत येऊ शकेल, आणि त्याच भरतीत उशिरात उशिरा केव्हा? विद्यार्थ्याने त्रैराशिक मांडून १०.५१ हे उत्तर काढले आहे. पुस्तकात मात्र १०.२० दिले आहे. त्याने आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: पाणी खरोखर असेच चढते का, आणि हेच समीकरण वापरून पुढच्या आठवड्याची वेळ काढता येईल का.

पुस्तकातले उत्तर बरोबर आहे. तुमचे उत्तर चुकले, कारण त्रैराशिकात पाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने चढते असे धरले जाते, आणि समुद्र तसे करत नाही. परंतु तुमचे पुढचे दोन प्रश्न मला मूळ उदाहरणापेक्षा अधिक मोलाचे वाटतात, म्हणून उदाहरण आधी नीट सोडवू आणि मग त्यांच्याकडे सविस्तर वळू.

अशा उदाहरणात प्रथम तीन राशी शोधाव्यात. पहिली मध्य पातळी: ५.२ आणि १.६ यांची सरासरी, म्हणजे ३.४ मीटर. दुसरी आयाम: भरती आणि ओहोटी यांतल्या फरकाच्या निम्मा, म्हणजे १.८ मीटर. (उत्तरपत्रिकांत सर्वाधिक दिसणारी चूक इथलीच असते, ३.६ मीटर हा पूर्ण फरक आयाम म्हणून लिहिला जातो.) तिसरी आवर्तकाल: ओहोटीपासून भरतीपर्यंत ६ तास १५ मिनिटे लागली, म्हणजे अर्धे आवर्तन झाले, पूर्ण आवर्तन १२ तास ३० मिनिटांचे. ज्या वर्तुळावरच्या बिंदूचा प्रक्षेप म्हणून आपण ही गती पाहतो, त्या वर्तुळावर बिंदू ३७५ मिनिटांत १८० अंश फिरतो, म्हणजे तासाला २८.८ अंश. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे त्याची खऱ्या चंद्राशी गाठ घालायची आहे.

आता वेळ कुठून मोजायची हे ठरवायचे. माझा आग्रह असा की बोटीच्या उदाहरणात वेळ नेहमी पूर्ण भरतीपासून मोजावी. बोट आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा अवधी भरतीच्या दोन्ही अंगांना सारखाच पसरलेला असतो, त्यामुळे एकदा कोन काढला की दोन्ही उत्तरे एकदम मिळतात. भरतीपासून कोन मोजल्यास

खोली = ३.४ + १.८ × कॉस (कोन).

खोली ४.३ मीटर हवी, म्हणून मध्य पातळीपासूनचे विस्थापन ०.९ मीटर, आणि कॉसचे मूल्य ०.९ भागिले १.८, म्हणजे ०.५. कोन ६० अंश. १८० अंशांना ३७५ मिनिटे, तर ६० अंशांना १२५ मिनिटे, म्हणजे २ तास ५ मिनिटे. भरती १२.२५ ला आहे, तेव्हा बोटीला १०.२० पासून २.३० पर्यंत वाट मोकळी आहे. एकूण ४ तास १० मिनिटे, म्हणजे आवर्तकालाचा बरोबर तिसरा हिस्सा. वेळ ओहोटीपासून किंवा मध्य पातळीपासून मोजूनही हेच उत्तर येते. मात्र मध्य पातळीपासून मोजणाऱ्याने साइन घ्यायला हवा आणि आपला शून्य क्षण सकाळी ९.१७ च्या सुमारास आहे याचे भान ठेवायला हवे, ६.१० पासून मिनिटे मोजून साइन वापरण्याची गफलत फार होते.

त्रैराशिकाने नेमके काय बिघडवले तेही पाहा. ४.३ मीटरपर्यंत चढायचे म्हणजे ३.६ पैकी २.७ मीटर, तीन चतुर्थांश चढ. तुम्ही वेळेचाही तीन चतुर्थांश घेतला: ४ तास ४१ मिनिटे. प्रत्यक्षात तो चढ दोन तृतीयांश वेळेतच, ४ तास १० मिनिटांत, पुरा होतो. पाणी ओहोटीच्या टोकाशी रेंगाळते, मधल्या पातळीशी सर्वांत झपाट्याने चढते आणि भरतीच्या टोकाशी पुन्हा रेंगाळते. मध्य पातळीवरचा वेग आयाम गुणिले कोनीय वेग इतका असतो. आवर्तनाचे ६.२८३२ रेडियन १२.५ तासांनी भागल्यावर ताशी ०.५०२७ येतात, आणि त्याला १.८ ने गुणल्यावर ताशी सुमारे ०.९ मीटर, म्हणजे मिनिटाला दीड सेंटिमीटर. बोट आत येण्याच्या क्षणी, विस्थापन आयामाच्या निम्मे असताना, वेग याच्या ०.८६६ पट म्हणजे मिनिटाला १.३ सेंटिमीटर. अशा उदाहरणात पुष्कळदा 'त्या क्षणी पाणी किती वेगाने चढत असेल' हा उपप्रश्न असतो; त्यासाठी वेगाचा वर्ग = कोनीय वेगाचा वर्ग × (आयामाचा वर्ग − विस्थापनाचा वर्ग) हे सूत्र वापरावे, आणि कोनीय वेग रेडियनमध्येच घ्यावा. अंश घेऊन काढलेला वेग सत्तावन्न पटींनी फुगतो.

दर्यावर्दी लोकांमध्ये एक बारा भागांचा नियम चालतो: भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एकूण चढाच्या १, २, ३, ३, २, १ बाराव्या भागांनी चढते. हा नियम कॉसच्या वक्राचेच अंकगणित आहे. एकेक तास ३० अंशांचा धरला तर दोन तासांनंतर, तीन तासांनंतर आणि चार तासांनंतर नियमाचे उत्तर सूत्राशी तंतोतंत जुळते. फरक पडतो तो पहिल्या आणि पाचव्या तासाच्या शेवटी. पहिल्या तासात नियम ०.०८३ हिस्सा सांगतो, सूत्र ०.०६७. आपल्या उदाहरणातल्या ३.६ मीटरच्या चढावर हा फरक जेमतेम ६ सेंटिमीटरचा आहे. उत्तर तपासण्यासाठी याहून सोपे साधन नाही. त्रैराशिकाचे उत्तर तुम्ही या नियमाशी ताडून पाहिले असते तर चूक लगेच ध्यानात आली असती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पाणी खरोखर सरल हरात्मक गतीने चढते का? व्याख्येनुसार या गतीत त्वरण विस्थापनाच्या सम प्रमाणात आणि मध्याकडे असते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाच्या बाबतीत ते प्रमाण स्प्रिंगच्या ताठरपणातून येते आणि आवर्तकालही तिथूनच ठरतो. समुद्राच्या बाबतीत तसे नाही. खाडीतले पाणी मध्य पातळीकडे खेचणारी अशी कोणतीही स्थानिक स्प्रिंग नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्रावर बाहेरून लादलेले ते प्रेरित दोलन आहे, आणि म्हणून त्याचा आवर्तकाल खाडीवर नव्हे तर चंद्र-सूर्यावर अवलंबून असतो. पृथ्वीच्या एका जागेच्या डोक्यावर चंद्र पुन्हा यायला सरासरी २४ तास ५० मिनिटे लागतात. त्यात दोन भरत्या होतात, म्हणून मुख्य चांद्र घटकाचा, म्हणजे चंद्रामुळे होणाऱ्या मुख्य चढउताराचा, आवर्तकाल १२ तास २५ मिनिटे १४ सेकंद आणि कोनीय वेग ताशी २८.९८४ अंश. उदाहरणातले २८.८ अंश याच्या किती जवळ आहेत ते पाहा. आकारमान, उथळपणा आणि किनाऱ्याची ठेवण यांनी भरतीची उंची आणि तिला होणारा उशीर ठरतो, आवर्तकाल ठरत नाही. पातळीचे समीकरण मात्र दोन्हीकडे एकच दिसते, म्हणूनच गणिताच्या पुस्तकाला हे गृहीतक घेण्याचा अधिकार आहे.

पण हे गृहीतक एका टोकापासून लगतच्या टोकापर्यंतच विश्वासाने वापरावे. एका ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत एक कॉस वक्र, त्या भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत दुसरा. मुंबईच्या किनाऱ्यावर याची गरज विशेष आहे, कारण तिथे दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरत्यांच्या तारखा मुंबई महानगरपालिका आधीच जाहीर करते; त्या वेळी मुसळधार पाऊस आला तर नाल्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही. म्हणून 'भरती किती वाजता' यापेक्षा 'पातळी किती वेळ उंच राहील' हा प्रश्न तिथे अधिक निकडीचा असतो. जुलैतल्या उधाणाच्या एखाद्या दिवसाला शोभतील असे आकडे घेऊ: सकाळी ६.२० ला ओहोटी ०.६ मीटर, दुपारी १२.३५ ला भरती ४.८ मीटर, संध्याकाळी ६.४५ ला ओहोटी १.८ मीटर. पातळी ४ मीटरच्या वर किती वेळ राहील?

चढत्या भागासाठी मध्य पातळी २.७ आणि आयाम २.१ मीटर. कॉसचे मूल्य १.३ भागिले २.१, म्हणजे ०.६१९, कोन ५१.७५ अंश, ३७५ मिनिटांच्या हिशोबाने १ तास ४८ मिनिटे. उतरत्या भागासाठी मध्य पातळी ३.३ आणि आयाम १.५ मीटर. कॉसचे मूल्य ०.७ भागिले १.५, म्हणजे ०.४६७, कोन ६२.१८ अंश, ३७० मिनिटांच्या हिशोबाने २ तास ८ मिनिटे. पातळी १०.४७ ते २.४३ अशी ३ तास ५६ मिनिटे ४ मीटरच्या वर राहते. सकाळचाच वक्र दुपारनंतरही ताणला असता तर उत्तर ३ तास ३६ मिनिटे आले असते, वीस मिनिटांनी कमी. नाल्याचे दार कधी उघडायचे हे ठरवणाऱ्याला ही वीस मिनिटे दुर्लक्षून चालणार नाही.

इथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. भरतीच्या कोष्टकातले आकडे पाण्याची खोली सांगत नाहीत. ती नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेली उंची असते, आणि ही आधारपातळी मुद्दाम नेहमीच्या ओहोटीच्याही खाली घेतलेली असते. एखाद्या जागी किती पाणी आहे हे हवे असेल तर नकाशात त्या जागी दिलेली खोली या उंचीत मिळवावी लागते; जिथे तळ ओहोटीला उघडा पडतो तिथे ती वजा करावी लागते. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात 'खोली' हा शब्द सरळ वापरलेला असल्यामुळे विद्यार्थी कोष्टकाचा आकडाही तसाच उचलतो.

तिसरा प्रश्न: हेच समीकरण पुढच्या आठवड्याला लावता येईल का? नाही, आणि त्याची दोन वेगवेगळी कारणे आहेत. पहिले कारण वेळेचे. १२ तास ३० मिनिटे आणि १२ तास २५ मिनिटे १४ सेकंद यांतला पावणेपाच मिनिटांचा फरक दर आवर्तनाला साठत जातो. सात दिवसांत साडेतेरा आवर्तने होतात, म्हणजे केवळ आवर्तकालामुळे तासाभराहून जास्त चूक होते.

कोकणातल्या आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत वापरला जाणारा तिथीचा हिशोब या बाबतीत पुस्तकातल्या समीकरणापेक्षा सरस आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दुपारीही आणि पहाटेही. याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. चांद्रमासाच्या तीस तिथींत भरतीची वेळ पुढे सरकत सरकत पुरे चोवीस तास फिरून येते, म्हणून एका तिथीला सरासरी ४८ मिनिटे, म्हणजे तासाचा चार पंचमांश. पाऊणपटीत ४५ मिनिटे धरली जातात. तोंडी हिशोबाला पाऊणकी सोयीची, पण पंधरा तिथींत पाऊण तासाचा फरक पडतो: पौर्णिमेला पाऊणपटीने सव्वाअकरा येतात, चार पंचमांशाने बारा, आणि मुंबईत पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास असते. माझ्या मते तिथी वापरणाऱ्याने चार पंचमांश घ्यावेत. हा हिशोब याच किनाऱ्यापुरता आहे हेही ध्यानात ठेवावे, कारण चंद्र डोक्यावर आल्यानंतर भरती किती उशिरा येते हे प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे असते.

दुसरे कारण आयामाचे, आणि ते अधिक गंभीर आहे. चंद्राच्या घटकाबरोबर सूर्याचाही एक घटक असतो, त्याचा आवर्तकाल बरोबर १२ तास, कोनीय वेग ताशी ३० अंश. दोन्ही एकाच दिशेने लागले की उधाण, एकमेकांच्या विरुद्ध लागले की भांग. मुंबईला अपोलो बंदराशी उधाणाची सरासरी भरती सुमारे ४.४ आणि ओहोटी ०.८ मीटर, भांगाची भरती सुमारे ३.३ आणि ओहोटी १.९ मीटर असते. म्हणजे आयाम उधाणात १.८ आणि भांगात ०.७ मीटर. दोन घटकांची बेरीज १.८ आणि वजाबाकी ०.७, तर चांद्र घटक १.२५ आणि सौर घटक ०.५५ मीटर. कोनीय वेगांतला फरक ताशी १.०१६ अंश, दिवसाला २४.३८ अंश, ३६० अंश पुरे व्हायला १४.७७ दिवस. दोन उधाणांतले अंतर तेच आहे. प्रत्यक्षात उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच न येता एक-दोन दिवसांनी येते. या बेरजेचा आणखी एक परिणाम असा की भरतीची वेळ रोज सारख्याच मिनिटांनी पुढे जात नाही: वरचे आकडे घेतल्यास उधाणाच्या आसपास दिवसाला सुमारे ३५ मिनिटे आणि भांगाच्या आसपास जवळजवळ दीड तास.

अशा घटकांची बेरीज हीच भरतीच्या भाकिताची पद्धत आहे. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२-७३ मध्ये कप्प्या आणि दोरी वापरून अनेक कॉस वक्रांची यांत्रिक बेरीज करणारे यंत्र बनवले. १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी असे एक यंत्र तयार झाले. अपोलो बंदराशी पातळीची नोंद १८७८ पासूनची आहे. म्हणजे तुम्ही सोडवलेले उदाहरण त्या बेरजेतली एकच संज्ञा (एकच पद) आहे.

सूर्याच्या घटकाची दुसरी संज्ञा मिळवून आपल्या बोटीचे काय होते ते पाहू. उदाहरणातला दिवस उधाणाचा आहे असे धरा, कारण आयाम १.८ मीटर आहे; मध्य पातळी ३.४ तशीच ठेवा आणि वरचे १.२५ व ०.५५ हे घटक घ्या. भांगाच्या भरतीला खोली ३.४ अधिक ०.७, म्हणजे ४.१ मीटर. बोटीला ४.३ लागतात. तेव्हा पुढच्या आठवड्यात 'किती वाजता' या प्रश्नाला उत्तरच उरत नाही, कारण भर भरतीलाही वीस सेंटिमीटर पाणी कमी पडते. वाट कधी बंद होते तेही काढता येते. दोन घटकांच्या कलांतला (म्हणजे आपापल्या आवर्तनातल्या स्थितींतला) कोन घेतला, तर एकत्रित आयामाचा वर्ग = १.८६५ + १.३७५ × कॉस (कोन). बोटीसाठी आयाम निदान ०.९ हवा, म्हणून ०.८१ ला हे समीकरण लावा: कॉसचे मूल्य उणे ०.७६७, कोन १४०.१ अंश, आणि दिवसाला २४.३८ अंशांप्रमाणे ५.७५ दिवस. उधाणानंतर पावणेसहा दिवसांनी वाट बंद होते आणि नवव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा उघडते. मधले सव्वातीन दिवस बोटीने बाहेर थांबायचे. शिवाय आधीच्या सहा दिवसांत १०.२० ते २.३० इतका ऐसपैस अवधी रोज मिळत नाही, तो भरतीगणिक आखडत जातो, आणि प्रत्येक दिवसाचा आयाम वरच्या सूत्राने काढून पुन्हा पहिलेच कॉसचे समीकरण मांडावे लागते.

मुंबईसारख्या किनाऱ्यावर त्या सव्वातीन दिवसांतही दोनपैकी एखादी भरती इतकी उंच होऊ शकते की वाट दिवसातून एकदा उघडेल, कारण दोन भरत्या असमान करणारा दैनिक घटक आपण अजून धरलेला नाही. तो धरायचा तर २३.९३ तास आवर्तकालाची तिसरी कॉस-संज्ञा मिळवावी लागते, आणि मग आयामाचे सुटसुटीत सूत्र चालत नाही. तासातासाची पातळी कोष्टकात मांडून बेरीज करावी लागते. तुमच्याकडे संगणक असेल तर पंधरा दिवसांची अशी बेरीज करून तिचा आलेख काढा, आणि ४.३ मीटरची आडवी रेषा त्याला कुठे कुठे छेदते ते पाहा.